सोळा लेकरांची सम्राज्ञी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी यांच्यावर लेख येतात आणि ते यावेत हे योग्यच आहे. या वर्षी मात्र मी मैत्रिणींना जरा दूरच्या वाड्यात घेऊन जाणार आहे. फ्रान्सची राणी मारी आन्त्वानेत हिचे नाव शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. लोकांना भाकरी मिळत नाही म्हटल्यावर ‘मग केक खावा’ असे ती म्हणाली, ही कथाही सर्वांना ठाऊक असते. ती तसे म्हणाली याला काही पुरावा नाही, पण बाईच्या नावावर एकदा चिकटलेले बोल सुटत नाहीत. मला मात्र तिच्याहून तिच्या आईविषयी कुतूहल वाटले. सोळा मुलांपैकी पंधरावी असलेल्या या लेकीला चौदाव्या वर्षी परमुलखात धाडणारी आई कशी असेल? मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण वाचनालयातून पुस्तके आणून, दुपारची झाकपाक झाल्यावर थोडे थोडे वाचत गेले, आणि जे हाती लागले ते येथे सांगते.

मारिया थेरेसा हिचा जन्म १३ मे १७१७ रोजी व्हिएन्ना शहरी झाला. वडील सहावे चार्ल्स हे ऑस्ट्रिया, हंगेरी, बोहेमिया अशा अनेक मुलखांचे धनी आणि शिवाय पवित्र रोमन सम्राट. तिच्या आधी झालेला मुलगा वर्षाच्या आतच गेला होता. तिच्या पाठीवर दोन बहिणी झाल्या, मुलगा नाहीच. मुलगा नसेल तर मुलीला गादी मिळावी असा ठराव वडिलांनी १७१३ सालीच करून ठेवला होता, आणि त्याला युरोपातल्या राजांच्या सह्या मिळवण्यात त्यांचा जन्म गेला. परंतु जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिला कारभार मात्र शिकवला नाही. तिला संगीत आले, नृत्य आले, भाषा आल्या. दरबारात मसलतीला बसवणे काही सुचले नाही. बहुधा आज ना उद्या मुलगा होईल ही आशा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नसावी. अशी आशा करणारे वडील केवळ राजवाड्यातच असतात असे नाही.

पण एका बाबतीत तिचे दैव मोठे. लोरेन प्रांताचा राजपुत्र फ्रान्सिस स्टीफन हा पंधरा वर्षांचा असताना व्हिएन्नाच्या दरबारी राहायला आला, तेव्हा ही सहा वर्षांची होती. त्याच्याच सहवासात ती वाढली आणि त्याच्यावरच तिचे मन बसले. राजघराण्यातल्या मुलीने मन बसवायचे नसते, पण हिने बसवले आणि तेच घडवून आणले. या लग्नासाठी फ्रान्सिसला आपल्या वाडवडिलांचे लोरेन सोडून द्यावे लागले, कारण ते ऑस्ट्रियाच्या जावयाकडे राहणे फ्रान्सला खपणारे नव्हते. १२ फेब्रुवारी १७३६ रोजी दोघांचे लग्न झाले. ही गोष्ट मैत्रिणींनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे हिच्या मुलींची लग्ने सांगताना मला तिच्याकडे परत यावे लागेल.

१७४० हे साल तिच्यावर कोसळले. जूनमध्ये तिची थोरली, तीन वर्षांची एलिझाबेथ गेली. ऑक्टोबरात वडील गेले. तेविसाव्या वर्षी गादी आली ती पोटात चौथे मूल असताना. सह्या करणारे राजे सह्या विसरले. डिसेंबरात प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने सायलेशिया प्रांतात फौजा घातल्या. जानेवारीत वर्षाची कॅरोलिना गेली. म्हणजे आठ महिन्यांत दोन मुली आणि वडील, शिवाय दारात शत्रू. १३ मार्च १७४१ रोजी मुलगा झाला, जोसेफ. तीन मुलींनंतरचा हा मुलगा. व्हिएन्नात आनंदाला पारावार राहिला नाही.

बाळंतपणाला तीन महिने होऊन गेले तोच ती हंगेरीच्या प्रेसबर्ग शहरी राज्याभिषेकाला गेली. आज हे शहर ब्रातिस्लावा या नावाने स्लोव्हाकियाची राजधानी आहे. तेथील चालीप्रमाणे नव्या राजाने घोड्यावर बसून टेकडावर चढायचे आणि चारी दिशांना तलवार फिरवायची असते. त्यासाठी ही घोड्यावर बसायला शिकली. २५ जून १७४१ रोजी तिने ते सारे यथासांग केले. सप्टेंबरात तिने हंगेरीच्या सरदारांपुढे उभे राहून मदत मागितली आणि सरदारांनी आपले प्राण व रक्त देऊ केले. तान्ह्या जोसेफला कडेवर घेऊन ती सभेत उभी आहे असे चित्र पुष्कळ ठिकाणी दाखवतात. खरे पाहता बाळाला तेथे आणले ते काही दिवसांनी. चित्रकारांना आईच्या कडेवर मूल दाखवल्याशिवाय तिची मागणी पुरी वाटली नसावी.

युद्ध आठ वर्षे चालले. सायलेशिया गेला तो गेलाच, पण बाकीचे राज्य तिने राखले. १७४५ साली तिने फ्रान्सिसला सम्राट म्हणून निवडून आणले. सम्राटपद बाईला मिळत नसे, म्हणून ‘सम्राज्ञी’ ही पदवी तिला नवऱ्याकडून आली, पण राज्य होते ते तिचे स्वतःचे. फ्रँकफर्टला त्याचा अभिषेक झाला तेव्हा तिने स्वतःला अभिषेक करून घ्यायला नकार दिला आणि सज्जात उभी राहून नवऱ्याचा सोहळा पाहिला. त्या वेळीही ती गरोदर होती.

गरोदर नाही असा तिचा काळच थोडा. फेब्रुवारी १७३७ ते डिसेंबर १७५६ या वीस वर्षांत सोळा बाळंतपणे. अकरा मुली आणि पाच मुलगे. सतत पोटुशी नसते तर शत्रूवर स्वतः चालून गेले असते, अशा अर्थाचे तिने आपल्या लेखात लिहून ठेवले आहे. नावेही पुन्हा पुन्हा तीच. सगळ्या मुली मारिया. शिवाय एक एलिझाबेथ गेली की पुढच्या एलिझाबेथला तेच नाव. कॅरोलिना तर तीन झाल्या. पहिली वर्षाची होऊन गेली, दुसरी जन्मली त्याच दिवशी गेली आणि तिसरी जगली. गेलेल्या मुलाचे नाव पुन्हा ठेवायला आपल्याकडे पुष्कळ घरांत मन धजत नाही. त्यांच्याकडे मात्र ती रीतच होती.

आता घरचे पाहू. उन्हाळ्यात सारे बिऱ्हाड शॉनब्रुन वाड्यात हलत असे. तेथल्या बागेत फ्रान्सिसने १७५२ साली प्राणिसंग्रह केला, तो अजून चालू आहे आणि जगातल्या चालू असलेल्या प्राणिसंग्रहालयांत तो सर्वांत जुना. फ्रान्सिस हा मोकळ्या स्वभावाचा, पैशाच्या व्यवहारात हुशार, पोरांत रमणारा बाप. चौथ्या लेकीने, मारिया क्रिस्टिनाने, घरातले एक चित्र काढले आहे. सेंट निकोलसच्या दिवशीची सकाळ आहे. या दिवशी तिकडे मुलांना खाऊ आणि खेळणी देतात. बाप घरच्या झग्यात बसला आहे, आई साध्या कपड्यांत जवळ उभी आहे, धाकट्या आंतोनियाच्या हातात बाहुली आहे, आणखी दोन पोरे आपापल्या खाऊ-खेळण्यांत आहेत. मुकुट नाही, सिंहासन नाही. नाव सांगितले नाही तर कोणा खात्यापित्या दुकानदाराचे घर वाटावे.

पण दुसरी बाजूही ऐकावी. मारी आन्त्वानेतच्या पदरी असलेल्या मादाम काँपाँ या बाईने पुढे आठवणी लिहिल्या. त्यांत असे आहे की सम्राज्ञी मुलांना कधी कधी आठ-दहा दिवस भेटत नसे. मुलांची प्रकृती रोज पाहायची ती राजवैद्य फान स्वीटेन यांनी, आणि त्यांनीच आईला खबर द्यायची. कोणी मोठा परदेशी पाहुणा आला की मात्र सगळी मुले टेबलाभोवती गोळा करून बसवीत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पहाटे उठून कागदपत्रांना बसणारी आई सोळांपैकी प्रत्येकाच्या उशाशी किती वेळ बसणार? ती कमतरता तिने लिहून भरून काढली. कोणत्या मुलाने काय खावे, किती वाजता उठावे, दात कसे स्वच्छ ठेवावेत, वीज कडाडली किंवा भुताखेताची गोष्ट निघाली तर भिऊ देऊ नये, ताटात येईल ते कुरकुर न करता संपवावे, असे सारे ती दायांना आणि शिक्षिकांना कागदावर लिहून देई. मुलींबद्दल तिचे मत स्वच्छ होते. त्या आज्ञा पाळण्यासाठीच जन्मल्या आहेत आणि ते त्यांनी वेळीच शिकावे. हे लिहिणारी बाई स्वतः कोणाचीच आज्ञा पाळत नव्हती, हे तिच्या ध्यानात आले असेल काय?

तिच्या मायेची दोन उदाहरणे मला फार आवडली. काउंटेस फुक्स नावाच्या बाईंनी तिला लहानपणी सांभाळले होते. त्या १७५४ साली वारल्या तेव्हा मारिया थेरेसाने त्यांना राजघराण्याच्या तळघरातल्या दफनघरात जागा दिली. तेथे राजरक्ताबाहेरचे दुसरे कोणी नाही. दुसरी गोष्ट १७६२ सालची. सहा वर्षांचा मोझार्ट वाजवायला शॉनब्रुनला आला तेव्हा तो सम्राज्ञीच्या मांडीवर चढला आणि गळ्यात पडून त्याने तिचे मुके घेतले, असे त्याच्या बापाने पत्रात लिहिले आहे. पुढे त्या मुलाला एक भारी पोशाख आला. तो तिच्या धाकट्या मॅक्सिमिलियनसाठी शिवलेला होता. एका मुलाचा कपडा दुसऱ्याच्या अंगाला लावून पाहण्याची सवय राजवाड्यातही होती हे वाचून मला हसू आले. पुढे याच मोझार्टला नोकरीत घ्यावे का असे मुलाने विचारले, तेव्हा असली माणसे कशाला पोसायची, असे तिने कळवले. तेही खरेच.

या घरावर खरी धाड घातली ती देवीच्या रोगाने. आज तो रोग राहिला नाही. भारत १९७७ साली त्यातून मुक्त जाहीर झाला आणि १९८० साली सारे जग. आमच्या सासूबाईंच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण आहेत तेवढीच त्याची खूण आमच्या घरात उरली आहे. पण त्या काळी राजवाड्याच्या भिंती त्याला अडवू शकत नव्हत्या. जानेवारी १७६१ मध्ये चार्ल्स गेला, सोळाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना. डिसेंबर १७६२ मध्ये बारा वर्षांची योहाना. नोव्हेंबर १७६३ मध्ये थोरली सून, जोसेफची लाडकी बायको इसाबेला, दिवस भरण्याआधी बाळंत होऊन बाळासकट गेली, तीही देवीनेच.

मग १७६७ साल उजाडले. मे महिन्यात जोसेफच्या दुसऱ्या बायकोला देवी आल्या. जोसेफचे या बायकोशी पटत नव्हते, तो तिच्या खोलीकडे फिरकत नसे. सासूने मात्र आजारी सुनेला जवळ घेतले असे सांगतात. सून २८ मे रोजी वारली आणि तोवर पन्नाशीची सासूच देवीने अंथरुणाला खिळली होती. तिला अखेरचे धर्मसंस्कारही देऊन झाले, पण ती वाचली. नवऱ्याने टाकलेल्या सुनेच्या अंथरुणाशी जीव धोक्यात घालून जाणारी ही बाई मला तिच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सोळा वर्षांची जोसेफा नेपल्सच्या राजाकडे सासरी निघायची होती. निघण्यापूर्वी आई तिला घराण्याच्या दफनघरात प्रार्थनेसाठी घेऊन गेली. लागलीच मुलीच्या अंगावर देवी उमटल्या आणि १५ ऑक्टोबरला ती गेली. नुकत्याच पुरलेल्या वहिनीच्या पेटीपासून रोग लागला असे लोक बोलू लागले आणि आईलाही तसेच वाटत राहिले असावे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की देवी अंगात शिरल्यापासून उमटायला दहा-बारा दिवस तरी लागतात, म्हणजे रोग तिला आधीच लागला होता. हे त्या आईला सांगायला तेव्हा कोणी नव्हते. त्याच दिवसांत एलिझाबेथलाही देवी आल्या. सगळ्या बहिणींत ती देखणी. ती जगली, पण चेहरा गेला, आणि त्याबरोबर तिच्या लग्नाची बोलणीही संपली.

या वेळी मारिया थेरेसाने कंबर कसली. देवीचा सौम्य पू निरोगी माणसाला टोचून रोग हलका करायचा, ही युक्ती तुर्कस्तानात आणि आपल्याकडे बंगालातही चालत असे. इंग्लंडात ती नेली लेडी मेरी माँटेग्यू या बाईने, तिकडे राहताना स्वतःच्या मुलाला टोचून घेऊन. व्हिएन्नाचे मोठे वैद्य या उपायाच्या विरुद्ध होते. सम्राज्ञीने १७६८ साली इंग्लंडातून इंगेनहाउस नावाच्या डच वैद्याला बोलावले. त्याने आधी गोरगरिबांच्या मुलांना टोचून पाहिले आणि मग सप्टेंबरात तिच्या फर्डिनांड व मॅक्सिमिलियन या मुलांना आणि जोसेफच्या सहा वर्षांच्या मुलीला टोचले. तिघेही सुखरूप राहिली. टोचून घेतलेल्या पासष्ट मुलांना तिने शॉनब्रुनला जेवायला बोलावले आणि स्वतः त्यांना वाढले. वाढले हे खरे. पण आधी टोचली ती गरिबांची मुले, हेही विसरून चालणार नाही. त्या मुलांच्या आयांना कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे. पण राजवाड्याने टोचून घेतले हे पाहून बाकीच्यांची भीती मोडली.

येथे आपल्या मुंबईशी एक धागा जुळतो. जेन्नर यांनी १७९६ साली गायीच्या देवीची निर्धोक लस शोधली. ती व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी पूर्वेकडे पाठवली, आणि बगदाद, बसरा अशी हातोहात येत ती मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानातले हे पहिले लसटोचणे. आपल्या आजी-पणजींच्या दंडावरच्या वणांचा रस्ता असा व्हिएन्नावरून आला आहे.

आता मुलींच्या लग्नांकडे वळते. नेपल्सच्या राजाशी मैत्री हवी म्हणून योहानाचे लग्न ठरले. ती गेली. मग जोसेफाचे ठरले. नवरा मुलगा उनाड आणि अडाणी आहे हे आईला ठाऊक होते. जोसेफा म्हणजे राजकारणाला दिलेला बळी आहे, असे तिनेच एका पत्रात लिहिले आहे. जोसेफाही गेली. मग त्याच मांडवात तिसरी उभी केली, कॅरोलिना. एक वस्तू फुटली की दुसरी काढून द्यावी तसे झाले. १७६८ साली पंधरा वर्षांची कॅरोलिना रडत नेपल्सला गेली. पण ती आईचीच मुलगी. मुलगा झाल्यावर राजाच्या मसलतीत राणीला बसता येईल असे लग्नाच्या करारात लिहिलेले होते. १७७५ साली मुलगा झाला आणि तिने कारभार हाती घेतला तो घेतलाच. तिला स्वतःलाही अठरा मुले झाली.

अमालियाचे मन झ्वाइब्रुकेनच्या राजपुत्रावर होते. आईने ते मोडले आणि १७६९ साली तिला पार्माच्या ड्यूकला दिली. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान आणि पोरकट. अमालियाने आईला कधी क्षमा केली नाही. सासरी तिने आपल्या मनाप्रमाणे वागायला सुरुवात केली, आईने पाठवलेली माणसे परतवली, आणि मायलेकींचे संबंध तुटले ते तुटलेच.

आणि क्रिस्टिना? आईच्याच वाढदिवशी जन्मलेली, आईची उघड लाडकी. तिचे मन सॅक्सनीच्या आल्बर्टवर बसले होते. राजपुत्र असला तरी तो धाकटा, हाती राज्य नाही. वडील जिवंत असते तर हे लग्न जमले नसते असे म्हणतात. वडील वारल्यावर एप्रिल १७६६ मध्ये आईने ते लावून दिले, टेशनचा मुलूख दिला, भरघोस पैसा दिला आणि जावयाला हंगेरीचा अधिकारी नेमले. तिला एकच मुलगी झाली, ती जन्मताच गेली. पण नवराबायको शेवटपर्यंत सुखात राहिली. आल्बर्टने जमवलेली चित्रे आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहेत. बाकीच्या भावंडांच्या मनात या लाडकीविषयी जन्मभर अढी राहिली, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मला राहून राहून वाटते ते येथे सांगते. जिने स्वतः मनाजोगता नवरा मिळवला, तिने ते सुख सगळ्या लेकींतून एकीलाच दिले. दुष्ट म्हणून नव्हे. तिच्या बापाने सह्या जमवल्या त्या फुकट गेल्या, हे तिने पाहिले होते. कागदावर विश्वास उरला नव्हता. मग नाती जोडायची ती मुली देऊन. तिचा हिशेब मला कळतो. पण अमालियाचा रागही मला तितकाच कळतो.

लग्नाविना राहिल्या दोघी. थोरली मारियाना १७५७ च्या आजारपणात मरता मरता वाचली, पण पाठीला बाक राहिला. तिने दगड, खनिजे, किडे यांचे शास्त्रशुद्ध संग्रह केले. घरात एवढी हुशार मुलगी, पण आईचे तिच्याकडे लक्ष थोडे. एलिझाबेथला इन्सब्रुकच्या मठात मुख्य केले. पुढे गालाला गळू होऊन भोक पडले तेव्हा, ‘चाळिशीच्या बिनलग्नाच्या राजकन्येला गालातले भोकही करमणूकच,’ अशा अर्थाचे ती भेटीला आलेल्या वकिलाला म्हणाली असे सांगतात. चेहरा गेला तरी जीभ शाबूत होती.

धाकटी आंतोनिया, म्हणजेच मारी आन्त्वानेत, २१ एप्रिल १७७० रोजी व्हिएन्नाहून निघाली. वय चौदा. फ्रान्सच्या हद्दीवर, ऱ्हाईन नदीतल्या बेटावर तिचे माहेरचे सर्व कपडे उतरवून फ्रान्सचे घातले. आईने बरोबर एक उपदेशपत्र दिले होते आणि ते दर महिन्याच्या २१ तारखेला वाच असे बजावले होते. त्यानंतर मायलेकींची भेट पुन्हा झाली नाही. झाली ती पत्रांतून, दहा वर्षे. वाचन का करत नाहीस? दातांची निगा राख. घोड्यावर बसत जाऊ नकोस. डोक्यावर ते हातभर उंच केस आणि पिसे कशाला? मुलीला नवल वाटे की आईला एवढे कळते कसे. तिला ठाऊक नव्हते की पॅरिसमधला ऑस्ट्रियाचा वकील तिच्या बारीकसारीक हालचाली आईला गुप्तपणे कळवतो. गंमत अशी की शहरातल्या लोकांच्या नीतीवर नजर ठेवायला माणसे नेमणाऱ्या या आईनेच, फ्रान्सच्या म्हाताऱ्या राजाच्या ठेवलेल्या बाईशी बोल म्हणून मुलीच्या मागे लकडा लावला. राजाची मर्जी राखणे भाग होते. १७७२ च्या नववर्षदिनी आंतोनिया त्या बाईशी एक वाक्य बोलली.

लग्नाला सात वर्षे झाली तरी मूल नाही. आईचे पत्र म्हणजे तोच प्रश्न. ज्यांनी असे प्रश्न ऐकले आहेत त्यांना त्या पोरीची दशा समजेल. शेवटी १७७७ साली जोसेफ स्वतः जाऊन मेहुण्याशी मोकळेपणी बोलून आला आणि डिसेंबर १७७८ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव आजीवरून मारी तेरेज ठेवले.

फ्रान्सिसच्या मृत्यूचे सांगायचे राहिले. १७६५ च्या ऑगस्टात इन्सब्रुकला लेओपोल्डचे लग्न झाले आणि त्या समारंभातच, १८ तारखेला, फ्रान्सिस अकस्मात गेला. त्याच्या नजरेला इतर बायकाही पडत. तिने ते सारे सोसले होते. तरी तिने आपले लांब केस कापले, रंगीत कपडे वाटून टाकले आणि पुढची पंधरा वर्षे काळ्या वस्त्रांत काढली. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक टिपण सापडले. आपला संसार किती चालला याचा हिशेब तिने मांडला होता: २९ वर्षे, ६ महिने, ६ दिवस, म्हणजे १०,७८१ दिवस, म्हणजे २,५८,७४४ तास. मी हे गुणून पाहिले. बरोबर आहे.

जोसेफ कारभारात आला आणि आईमुलाचे खटके उडू लागले. तो नव्या मतांचा, ती जुन्या वळणाची. धर्माच्या बाबतीत ती कठोर होती. प्रागच्या ज्यू लोकांना तिने १७४४ साली शहराबाहेर घालवले आणि १७४८ साली परत येऊ दिले. ती कारभार सोडते म्हणे, तो मला मोकळे करा म्हणे, आणि दोघेही तेथेच राहत. पण याच बाईने ६ डिसेंबर १७७४ रोजी कायदा करून सहा ते बारा वर्षांच्या सर्व मुलांना शाळा लावली, आणि त्यात मुली धरल्या होत्या. माझ्यासारखीला हे वाचताना तिचे बाकीचे पुष्कळसे अपराध विसरावेसे वाटतात.

एक हसरी आठवणही आहे. १२ फेब्रुवारी १७६८ रोजी लेओपोल्डला पहिला मुलगा झाला, नेमका तिच्या लग्नाच्या वाढदिवशी. खबर व्हिएन्नाला पोचताच ती विधवा सम्राज्ञी वाड्याजवळच्या नाटकगृहात आपल्या जागेवरून वाकून, चालू खेळात, आपल्या गावंढळ व्हिएन्नी बोलीत ओरडली की लेओपोल्डला मुलगा झाला, आणि तोही माझ्या लग्नाच्या दिवशी! सगळ्या प्रेक्षकांनी आनंद केला असे सांगतात.

२९ नोव्हेंबर १७८० रोजी ती गेली. फ्रान्समधला नातू जन्मला तो पुढच्या ऑक्टोबरात, आणि लेकीचा शिरच्छेद झाला तो १६ ऑक्टोबर १७९३ रोजी. या दोहोंपैकी काहीच तिला पाहावे लागले नाही. व्हिएन्नाच्या कापुचिन मठाखालच्या दफनघरात फ्रान्सिसची आणि तिची एकच मोठी पेटी आहे. तिच्यावर दोघांच्या मूर्ती आहेत, झोपेतून उठून एकमेकांकडे पाहत असल्यासारख्या. पुढ्यात जोसेफची साधी तांब्याची पेटी. बालपणी आणि कोवळ्या वयात गेलेली सहाही मुले तेथेच आहेत. लेओपोल्ड, फर्डिनांड, मॅक्सिमिलियन, क्रिस्टिना तेथे आल्या-गेल्या वर्षी जमत गेले, आणि १८१४ साली नेपल्सची कॅरोलिनाही तेथेच आली. मारियाना क्लागेनफुर्टला आहे, एलिझाबेथ लिंत्सला. अमालिया प्रागला. आणि आंतोनिया पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मंदिरात, १८१५ सालापासून, नवऱ्याशेजारी.